रविवारी भरलेला आठवडा

मला अर्धवट भरलेला कागद बघवत नाही. शाळेत वर्गाचं हजेरीपुस्तक बाई माझ्याकडे द्यायच्या ते यामुळेच. अबुधाबीत नवऱ्याने स्वतःची छोटीशी कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी काढली तेव्हा कागदांचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. तो साइट बघायचा, मी फाइल बघायचे. फाइलच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही, असं मी चारचौघांत फुशारकीने सांगायचे. आता त्या फुशारकीची मला किळस येते.

दोन वर्षांपूर्वी आम्हाला एका जुन्या व्हिलाचं काम मिळालं. त्याची नर्सरी करायची होती. खिडक्यांचे ग्रिल, दारं, फाटक, जिन्याचा कठडा, सगळ्यावर ऑइलपेंटचे थरावर थर. लहान मुलं येणार म्हणून सल्लागार कंपनीने रंगाचे नमुने तपासायला पाठवले आणि त्यात शिसं निघालं. मग नियमांची यादी आली. रंग ओला करूनच खरवडायचा, कोरडं ग्राइंडर लावायचं नाही. मास्क घालायचे. खरवडलेला रंग दुहेरी पिशव्यांत सील करायचा. आणि साइटवर वॉशिंग केबिन हवी. काम संपलं की प्रत्येकाने तिथे अंघोळ करायची, कामाचे कपडे आणि बूट तिथेच ठेवायचे, आणि स्वच्छ कपड्यांत बाहेर पडायचं. या सगळ्याचा रोजचा तक्ता भरायचा, प्रत्येक माणसाच्या नावापुढे खूण करून.

पहिल्या आठवड्यात साइटवरून आलेले तक्ते चुरगळलेले, चहाचे डाग पडलेले, निम्मे रिकामे होते. माझं डोकंच फिरलं. मग मी दर रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून पुढचा सबंध आठवडा भरून टाकायला लागले. मास्क, बरोबर. अंघोळ, बरोबर. बूट साइटवर ठेवले, बरोबर. खाली माणसांनी फक्त सह्या करायच्या. यात खोटं काही आहे असं मला खरंच वाटलं नाही. केबिन भाड्याने आणली होती, मास्कची खोकी गेली होती, माणसं वापरणारच की! यादीत सर्वांत वर नवऱ्याचं नाव होतं. त्याच्यापुढेही मीच खुणा केल्या.

सल्लागार कंपनीचा इजिप्शियन सेफ्टी ऑफिसर फाइल चाळून म्हणाला, "माशाल्ला, मॅडम! धिस इज द बेस्ट फाइल." तो आठवडाभर मी हवेत होते.

त्याच सुमारास आमची मुलगी जेवेनाशी झाली. पाच वर्षांची होती. पोट दुखतं म्हणायची, क्षुल्लक कारणावरून किंचाळायची, चेहरा पांढुरका पडला होता. मला वाटलं, नाटकं. एकदा मी तिला वरणभाताच्या ताटासमोर तासभर बसवून ठेवलं. "आय ॲम नॉट हंग्री, आई," ती रडत म्हणत राहिली आणि मी घड्याळाकडे बघत राहिले. तो तास मला आजही माफ करता येत नाही.

डॉक्टर केरळच्या होत्या. महिनाभर लोहाचं औषध देऊनही रक्त वाढलं नाही, तेव्हा त्यांनी शिशाचीही तपासणी करायला लावली. रक्तात शिसं निघालं. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "घर में कोई पुराने पेंट का काम करता है?"

मी म्हटलं, नवरा करतो, पण सगळे नियम काटेकोर पाळून. एवढ्यावर न थांबता मी फोन काढून त्यांना त्या तक्त्यांचे फोटो दाखवायला लागले. पोटच्या पोरीचा रिपोर्ट समोर असताना मी माझी फाइल दाखवत होते!

डॉक्टरांनी फोनकडे पाहिलंही नाही. त्यांनी मुलीला जवळ घेतलं आणि बाबा घरी आला की तू काय करतेस असं विचारलं. तिची कळी खुलली. "आय ओपन हिज शूज," ती म्हणाली. "द नॉट इज सो टाइट, आय यूज माय टीथ."

रोज संध्याकाळी हे माझ्या डोळ्यांसमोर चालायचं. तो सोफ्यावर पाय लांब करून पडायचा, ती जमिनीवर बसून त्याच्या सेफ्टी शूजच्या नाड्यांशी झटायची, गाठ सुटली नाही की दातांनी ओढायची. मी स्वयंपाकघरातून बघून हसायचे. हेच बूट साइटवर ठेवले, अशी खूण मी स्वतःच्या हाताने केलेली होती.

मुलीला शेजारणीकडे सोडून मी तडक साइटवर गेले. केबिनला कुलूप होतं. उघडायला लावलं तर आत छतापर्यंत टाइल्स बसवायच्या सिमेंटच्या गोण्या. नळ कधी जोडलाच नव्हता. पलीकडे एक जण कोरडं ग्राइंडर फिरवत होता, मास्क गळ्यात लोंबत होता. मी फोरमनवर ओरडले. तो बिचारा गोंधळून गेला. "मॅडम, पेपर तो आप ही बना के भेजते थे," तो म्हणाला. "हमको लगा आपको मालूम है."

तो उद्धटपणे बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याला खरंच तसं वाटत होतं. मी आधीच खुणा करून पाठवते म्हणजे अंघोळी नसल्या तरी चालतात, असा साइटवरच्या आठही जणांनी सरळ अर्थ काढला होता.

नवरा बाहेर आला. मी रिपोर्ट त्याच्या हातात दिला. तो वाचत वाचत म्हणाला, "अगं, पण मी कुठे घासत होतो? मी नुसता उभा असायचो." मग त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं आणि तिथेच फाटकापाशी खाली बसला.

सल्लागार कंपनीला मी त्याच दुपारी सगळं लिहून पाठवलं. नवरा म्हणत होता, "थांब जरा, लायसन्स जाईल, व्हिसाही जाईल, मग पोरीला घेऊन जायचं कुठे?" मी थांबले नाही. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं. मला कुणीतरी शिक्षा करायला हवी होती. काम बंद झालं, माणसांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. तिघांचं रक्त वाईट निघालं. त्यातला एक उपचार अर्धवट टाकून गावी गेला, त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. आमची कंपनी खलास झाली. नवरा आता दुसऱ्याच्या कंपनीत नोकरी करतो. ती नर्सरी दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने नीट पूर्ण केली, तिथे मुलं खेळतात.

आम्ही सोफा आणि गालिचा फेकून दिला, घराचा कोपरान् कोपरा ओल्या फडक्याने पुसला. मुलीचं रक्त हळूहळू सुधारलं. शेवटच्या तपासणीला मी विचारलं, "डॉक्टर, आता ती पूर्वीसारखी झाली ना?" त्यांनी आधीचे सगळे रिपोर्ट पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाल्या, रक्तातलं उतरलं, पण मेंदूवर काय परिणाम झाला, किंवा झालाच नाही, ते सांगणारी तपासणी नाही. कदाचित काहीच झालं नसेल. ही मुलगी एरवी कशी झाली असती, हे कुणालाच कधी कळणार नाही.

आता ती सात वर्षांची आहे. खाते, हसते, भांडते. काल पाढे म्हणत होती. "सेव्हन एट्स आर…" म्हणाली आणि अडली. खिडकीबाहेर बघत राहिली. नवरा पटकन म्हणाला, "सगळीच मुलं अडतात गं तिथे."

खरंच अडतात. मीही अडायचे. पण माझ्या वेळी माझी आई नुसती हसून पुढचा आकडा सांगायची. मला काल तो आकडा सांगता आला नाही, मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.