घोरपडीहून लहान स्टेशन

माझा नवरा सिंगापूरच्या एका विद्यापीठात जुन्या नकाशांवर संशोधन करायचा. पेशवाईच्या काळातले ते कागद. त्यांत डोंगर आडवे पडलेले असतात, देऊळ किल्ल्यापेक्षा मोठं असतं आणि नदीत मासे पोहत असतात. हे अडाणीपण नव्हे, हे तो घरी आलेल्या पाहुण्यांना जेवण गार होईपर्यंत पटवून देत असे. जुन्या क्षेत्रमाहात्म्यांचंही तसंच, म्हणायचा. त्यांत नदीची लांबी नसते, तिच्या काठी कुणाला काय मिळालं ते असतं. मी जुरोंग ईस्टला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासत होते, त्यामुळे माझं मत कुणी विचारत नसे.

दोन हजार पंधराच्या सुमारास आम्ही हौगांगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात तिकीट बदलून द्या म्हणाल्या. आम्ही दोघं सकाळी जायचो ते रात्री जेवायच्या वेळेलाच उगवायचो. एकटीला बाहेर पडता आलं तर राहीन, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

नवऱ्याने लगेच नकाशा केला. अगदी मापात, उत्तर वर, प्रत्येक ब्लॉकचा, म्हणजे इमारतीचा, नंबर घालून. तो घेऊन सासूबाई निघाल्या आणि बाजाराच्या बरोबर उलट्या दिशेला पोचल्या. उत्तर कुठे आहे ते पाहिलं नाहीस का, असं लेकाने फोनवर विचारलं.

"मला उत्तरेला जायचंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला मेथी हवी होती."

मग त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्वतःच नकाशा काढायला घेतला. रोज फिरून आल्या की भर घालायच्या. कालव्यात घोरपड आली, तीही एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनपेक्षा मोठी. बाजारातली तमिळ फुलवाली तर अख्ख्या ब्लॉकएवढी होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी गप्पा तासभर चालायच्या. तिकिटाचा विषय बंद झाला.

एका रविवारी नवऱ्याने तो कागद पाहिला. "आई, माप पार चुकलंय," म्हणाला आणि चक्क पट्टी घेऊन आला. मला हसू आवरेना. मग त्याने आमचं घर शोधलं. ते खालच्या कोपऱ्यात सापडलं, तांदळाच्या दाण्याएवढं.

"आपलं घर एवढंसं का?"

"तिथं दिवसभर माझ्याशी कोण बोलतं?" सासूबाई सहज म्हणाल्या आणि घोरपडीचं शेपूट लांबवत राहिल्या.

मला ते फार लागलं. त्यालाही लागलं असावं असं वाटलं, कारण दुसऱ्या दिवशी जाताना तो नकाशा बरोबर घेऊन गेला. पण त्याने त्यावर सेमिनार दिला. ते दाण्याएवढं घर पडद्यावर भिंतभर मोठं करून दाखवलं, टाळ्या घेतल्या आणि मग सगळ्यांबरोबर जेवायला गेला. मलाही नेमकं त्याच दिवशी ऑफिसात थांबावं लागलं.

आम्ही परतलो तेव्हा सासूबाई बॅग भरत होत्या. पुण्यातल्या लेकीकडून त्यांनी तिकीट बदलून घेतलं होतं. नवऱ्याने सेमिनारची हकीकत सांगितली; त्यांनी ती शांतपणे ऐकली, कौतुकही केलं. मग हात पुढे केला.

"नकाशा दे. मी कुठे राहत होते ते तिकडे दाखवायचंय सगळ्यांना."

"आणि आमचं घर, आई?" मी विचारलं.

"कुणी विचारलंच तर दाखवीन," त्या म्हणाल्या.