पासपोर्टच्या फोटोतली बट

माझ्यामुळे एका बाईचं नवं वर्ष बुडालं. कारण काय, तर मी फोटो फार चांगला काढला.

ऑफिसातली माझी इराणी सहकारी तीन वर्षांत घरी गेली नव्हती. नवरोजला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, शिराझला आईकडे जायचं, तर पासपोर्टची मुदत संपलेली. नव्या पासपोर्टच्या फोटोत डोक्यावर रुमाल हवाच, आणि सिंगापुरात तिच्याकडे एकही नव्हता. मी छाती काढून म्हणालो, "त्यात काय! स्कार्फ बायकोचा, कॅमेरा माझा."

रविवारी ती सेरंगूनला आमच्या फ्लॅटवर आली. बायको पुण्याची. तिने सवयीने स्कार्फ असा आवळला, की पाहुणीचे फक्त डोळे उरले.

"अगं, तिला स्कूटरवर नाही बसायचंय!" मी ओरडलो.

आरशात बघून पाहुणी हसत सुटली. "एवढं तर आमचं सरकारही मागत नाही. तुमच्याकडेही सक्ती आहे?"

"छे, धूळ असते," बायको म्हणाली. "शिवाय मित्राबरोबर फिरताना काका-मामा ओळखत नाहीत."

"म्हणजे स्वतःहून," पाहुणी म्हणाली, आणि तिचं हसू जरा ओसरलं.

मग तिने स्वतःच तो सैल बांधला. कपाळावर एक बट आली. पाहुणी ती आत सारायला लागली, तर मी, म्हणजे मेहुणीच्या लग्नात अर्धी वरात मुंडक्यांशिवाय टिपणारा कलावंत, म्हणालो, "राहू दे गं, फोटो जिवंत वाटतोय."

जिवंत फोटो तीन आठवड्यांनी वकिलातीतून परत आला. केस दिसत होते. दुसरा पाठवला, पण नवरोज काही त्यासाठी थांबणार नव्हता.

नवरोजच्या दिवशी बायकोने तिला जेवायला बोलावलं. तिने आमच्या टेबलावर आरसा, सफरचंद, लसूण मांडलं, आणि ताटलीत उगवलेले गव्हाचे अंकुर. थेट आमच्या घटातल्यासारखे. वर्ष पालटायच्या मिनिटाला तिने आईला व्हिडिओ कॉल लावला; एरवी नुसतं फोनवर बोलणं व्हायचं. आई घरातच होती, म्हणून डोकं उघडं. केस सगळे पांढरे.

"कधी झाले हे?" लेक पुटपुटली.

आईने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. "विचारतेय, हाच का तो फोटोवाला?" मी कान पकडले. आई हसली, बराच वेळ बोलली. लेकीने इंग्रजीत सांगितलं, "म्हणतेय, रुमालाचा कायदा तिच्या डोळ्यांदेखत आला. नवरोज पणजीच्या पणजीच्याही आधीचा. पुढच्या वर्षीही येईल."

आई पानं वाढायला उठली. लेक घाईने काही म्हणाली, बहुधा 'बंद करू नकोस', आणि फोन तिकडे ओट्यावर तसाच चालू राहिला. पडद्यावर नुसतं छत. भांडी वाजली, कुणी आलं, कुणी हसलं. बायकोने दोनदा आमटी गरम केली. लेक त्या छताकडे बघत बसली होती.