भांडायचं बटण

आमच्या गणिताच्या बाई आणि गप्प बसणं यांचा छत्तीसचा आकडा. शाळेत पोरांना, आम्हा बाकीच्या शिक्षिकांना, घरी बिचाऱ्या यजमानांना, सगळ्यांना सारखंच फैलावर घेतात. अशा बाईंच्या वर्गात एक मुलगी आली. तिला ऐकू यायचं, कळायचं सगळं, पण बोलता येत नव्हतं. मोठ्या बाईंनी तिच्या आईला बजावलं होतं, "सहामाहीपर्यंत बघू. नुसती बसून राहिली तर नाही ठेवता यायची."

मग बाईंना आणि मला प्रशिक्षणाला धाडलं. तिथं टॅब होते. चित्र दाबलं की टॅब बोलतो. शिकवणारी मॅडम आमच्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "आता चहापर्यंत कुणी तोंडानं बोलायचं नाही. जे काय ते टॅबवर."

आणि तेवढ्यात तिनंच फळ्यावर बेरीज चुकवली! बाई लालबुंद. टॅबवर शोधतायत, तर काय, पाणी, भूक, शू, धन्यवाद. संतापानं त्या "धन्यवाद, धन्यवाद" बडवत सुटल्या. मग "शू". मॅडमनं बिचारीनं बाथरूम दाखवलं. माझं हसून पोट दुखलं.

चहा आला आणि बाईंचा बांध फुटला. "इतकी गुणी पोरं असतात का कुठं? भांडायचं बटण कुठंय यात?"

"तुम्हीच घाला ना," मॅडम म्हणाली. बाईंनी तिथंच पदर खोचला आणि स्वतःच्या खणखणीत आवाजात बटणं भरली: "मला पटत नाही." "आधी माझं ऐका." "हिनं माझी पेन्सिल घेतली." "बाई, चुकलं!"

तो टॅब त्या मुलीला दिला, पण शाळेत ती त्यावर आपली पाणीच मागायची. सहामाही तोंडावर आली, तसं बाईंना जेवण जाईना. आणि एके दिवशी त्या फळ्यावर लिहीत असताना मागून त्यांचाच आवाज गरजला, "बाई, चुकलं!"

खरंच चुकलं होतं हो. त्यानंतर कारटी थांबतेय कशाला! शेजारणीशी भांडणं काय, मध्येच "मला पटत नाही" काय. शेवटी बाईंनी सवयीप्रमाणे तिला टॅबसकट दाराबाहेर उभं केलं आणि आईला बोलावणं धाडलं.

आई आली ती रडवेल्या तोंडानं. आता पोरीला शाळेतून काढून टाकणार, असंच धरून चालली होती बिचारी.

"तुमची मुलगी वर्गात फार बोलते हो," बाई कडाडल्या. "समज द्या तिला!"

आई एक पाऊल पुढं आली. मग हळूच म्हणाली, "परत एकदा सांगता, बाई?"

बाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि परत सांगितलं. या वेळी इतक्या जोरात, की शेजारच्या खोलीत मोठ्या बाईंनाही ऐकू गेलं.