काजलचे केस

शालनबाय गेली, त्याला आता पाच आठवडे होतील. धारगळहून तिच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी बालवाडीत मुलांना उसळ आणि गोल उंडे पाव वाढत होते. "टीचर, आई अंगण झाडता झाडता बसली, ती उठलीच नाय..." एवढंच ती बोलली. मी फोन ठेवला आणि वाढणं पुरं केलं. वीस भुकेली मुलं समोर असताना दुसरं काही करायचं नसतं, हे मला शालनबायनेच शिकवलं होतं.

गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावर माळा, ओढण्या विकणाऱ्या बायांची मुलं दिवसभर वाळूत नाहीतर रस्त्याच्या कडेला असायची. त्यांच्यासाठी आम्ही भाड्याच्या खोलीत बालवाडी काढली. मी शिकवायचे, बाकी सगळं शालनबाय. आधी ती किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये भांडी घासायची. धारगळहून सकाळच्या बसने यायची, पाणी तापवायची आणि एकेकाला न्हाऊ घालायची. मी गाण्यांची घाई केली की म्हणायची, "अंगाक खाज सुटल्यार पोरां गाणी खंयची म्हणतली, टीचर?"

दुसऱ्या वर्षी चार वर्षांची काजल आली. केसांच्या जटा, उवा, डोक्यात फोड. औषध लावून उपयोग होईना. शालनबाय म्हणाली, "आवशीक विचारूया." पण आईला विचारत बसायला वेळ नव्हता; दुसऱ्या दिवशी बालवाडी बघायला पाहुणे यायचे होते आणि काजल त्यांच्यासमोर तशी बसलेली मला नको होती. मी खणातली कात्री काढून शालनबायच्या हातात दिली. "काप. केसच ते, परत येतील."

संध्याकाळी काजलची आई, मंगल, न्यायला आली. सोलापूरकडची. पोरीच्या डोक्याकडे बघत राहिली. "देवीला बोललेले केस होते हे. पाचव्या वर्षी गावाकडं तिच्यापुढं काढायचे होते. कुणी कापले?"

मी तोंड उघडेपर्यंत शालनबाय म्हणाली, "मीच कापले. चूक झाली माझी."

...आणि मी गप्प राहिले. मंगल पोरीला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आणखी तीन मुलं आली नाहीत.

मग शालनबाय रोज काम उरकून किनाऱ्यावर जायला लागली. मंगलशेजारी वाळूत बसायची. मंगल बोलायची नाही. ती माळा घेऊन उठली की शालनबायही तिचं गाठोडं उचलून उन्हातून मागे चालायची. आठवड्याने तिने कमरेची पुरचुंडी सोडून मंगलपुढे धरली. काजलचे केस. कापल्या दिवशीच तिने ते गोळा करून, धुऊन, वाळवून ठेवले होते, हे मलाही माहीत नव्हतं. "देवीक हे चालतले काय गो?" तिने विचारलं. मंगलने पुरचुंडी पुन्हा बांधली आणि आपल्या कमरेला खोचली. सोमवारी काजल आली. पाठोपाठ बाकीचीही.

मी शालनबायला विचारलं, दोष स्वतःवर का घेतलास? ती भांडी पुसत होती. "तुमच्यार राग धरल्यान तर सगळीं पोरां जातली. माझ्यार किती दिस धरतली?"

तेव्हाच मंगलला खरं सांगायचं होतं. जमलं नाही. वर्षं गेली.

शालनबायच्या बाराव्याला मंगल धारगळला आली, सोबत चौथीत शिकणारी, लांब वेणीची काजल. जेवणं झाल्यावर परसात आम्ही दोघीच भांडी घासत होतो. मी म्हटलं, "मंगल, त्या दिवशी कात्री मी दिली होती. शालनबाय तुला विचारूया म्हणत होती."

मंगलचा हात थांबला नाही. "ठावं हाय," ती म्हणाली. "शालनबाय पोरांना इचारल्याबिगर डोक्यावर पाणीसुद्धा घालत नव्हत्या. रोज दारातनं बघत होते की मी. तुम्ही कधी सांगताय, त्याची वाट बघितली."

तिने ताट धुवायला माझ्याकडे सरकवलं. मी धुतलं.

आता मुलांना मीच न्हाऊ घालते. तांब्या भरून घेतला की आधी विचारते, "डोक्यावरून घालू?" काही मुलं नाही म्हणतात. मग मी थांबते.