झिजलेल्या टोकांचं पदक

सुमे, फोन जरा जवळ धर पाहू! गळ्यात चांदीचं एवढं देखणं पदक, आणि आत्याला आज दाखवतेस होय गं?

सहारातल्या तुआरेग जमातीच्या म्हातारीनं दिलं म्हणतेस. त्यांच्यात म्हणे सोन्याला बिचकतात, चांदीच माणसाला राखते. पदकाची चार टोकं वाईट नजर चारी दिशांना उधळून लावतात. तुझ्या बारशाला वाळे घालताना मीही असंच काहीतरी पुटपुटले होते.

तू त्या वाळूत विहिरी खणायला गेलीस, तेव्हापासून जीव टांगणीला होता माझा. पण या पदकाची टोकं झिजलीत बघ. दुकानातलं नव्हे, तिच्या स्वतःच्या गळ्यातलं आहे ते. आपली राखण कुणी उगाच काढून देत नाही. तिला लळा लागावा अशीच वागली असशील तू!

ताठ मानेनं मिरव. आणि लवकर ये गं घरी. त्या झिजल्या टोकांवरून मला बोट फिरवायचंय.