घुंगरू बांधून टुना धरायला

कपाटामागं उभी असलेली गळाची काठी एकदा समुद्रात टाकायची, त्या काठीवर एक तरी मासा धरायचा आणि मग ती रफिकभाईंना देऊन टाकायची, एवढं ठरवून मी मालवणला निघाले.

काठी आमच्या ह्यांनी खास समुद्रासाठी घेतली होती. वाळूजच्या कंपनीतून रिटायर झालो की जाऊ म्हणायचे. रिटायर व्हायच्या आधीच गेले. रफिकभाई त्यांचे शिफ्टमधले दोस्त. सुट्टीच्या दिवशी दोघं पैठणच्या बाजूला गोदावरीवर गळ टाकून बसायचे, आणि बऱ्याचदा मीही जायचे. रफिकभाईंनी काठी कधीच मागितली नाही, पण घरी आले की कपाटाकडं बघायचे.

पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, तुला पोहता येतं का?"

"नाय."

"मग?"

"जॅकेट देतात."

ती म्हणाली, "उलटीची गोळी घे."

तुम्हीही घ्या. समुद्रासाठी तर घ्याच, पण फोंडा घाटासाठीही घ्या. मी संभाजीनगरहून कोल्हापूरपर्यंत एसटीनं गेले, बायकांना अर्धं तिकीट असल्यानं सोयीचं पडलं. कोल्हापूरच्या स्टँडबाहेर तर्री मारलेली मिसळ खाल्ली आणि मालवणची गाडी धरली. तुम्ही मिसळ परत येताना खा.

मालवणात एका घरगुती खानावळीच्या वरच्या खोलीत राहिले. गळ टाकायला तिथं कयाकमधून नेतात. कयाक म्हणजे प्लॅस्टिकची लांबट, उघडी, वल्ह्याची नाव. माणशी साडेतीन हजार घेतात, त्यात जॅकेट, आमिष आणि मागं राहणारी इंजिनाची होडी आली. पावसाळा संपल्यावर समुद्र निवतो, तेव्हाच जावं. साडी नको, सलवार-कमीज बरी. टोपी हनुवटीखाली बांधता येईल अशी घ्या, माझी पहिल्याच वाऱ्यात गेली.

उजाडता उजाडता किनाऱ्यावर पोचले. माझ्याबरोबर बसणारे कयाकवाले दाजी पन्नाशीचे, वल्हं मारून खांदे रुंद झालेले. त्यांनी काठी हातात घेतली, रीळ फिरवून बघितलं, दोरी नवी भरली आणि टोकाशी येऊन थांबले.

"मावशीनू, ह्यां घुंगरू कित्याक? समुद्रात कीर्तन आसा काय?"

नदीवर आम्ही काठीच्या शेंड्याला घुंगरू बांधतो. मासा लागला की वाजतं, म्हणजे टक लावून बसावं लागत नाही. हे काठी रोवून, तोंडावर रुमाल टाकून झोपायचे. मला म्हणायचे, "तू वाच. वाजलं तर बघू." माझी शाळा सातवीत सुटलेली. शहागंजातून रद्दीच्या भावानं आणलेली पुस्तकं मी त्या काठावर वाचायला लागले, आधी अडखळत, मग सलग. समुद्राची काठी आणली त्याच दिवशी ह्यांनी जुन्या काठीचं घुंगरू सोडून हिला बांधलं होतं.

"राहू द्या," मी म्हणाले. दाजींनी राहू दिलं.

ते मागं बसून वल्हवत होते, मी पुढं काठी धरून. दोरीला लावलेला खोटा मासा मागून ओढत न्यायचा, अशी ही पद्धत. किनाऱ्यावरची घरं काडेपेटीएवढी झाली. आणि घुंगरू वाजायला लागलं. लाट आली की वाजायचं, उतरली की वाजायचं. सुरुवातीला मी दर वेळी दचकून रीळ फिरवलं. नंतर कान सरावले आणि मी पाणी बघत बसले.

पुढं पक्षी एका जागी झेपावत होते. "कुपो!" दाजी ओरडले. टुनाला तिकडं कुपा म्हणतात. त्या गडबडीत माझी काठी वाकली, सरळ झाली, आणि मला ते कळलंच नाही.

"गेलो मासो," दाजी म्हणाले. "वाजला मा?"

"ते मघापासून वाजतंयच की."

"थांबत नाय ता हय," ते म्हणाले. हय म्हणजे इथं. एवढंच बोलले. हसले नाहीत.

मी काठी मांडीवर आडवी घेतली. गाठ ह्यांनी मारलेली, घट्ट. नखानं निघेना, दातानं सोडवली. तोंड खारट झालं. घुंगरू कमीजच्या खिशात टाकून वर पिन लावली आणि काठीच्या शेंड्यावर नजर ठेवून बसले. पक्षी उठले, पलीकडं बसले, आम्ही तिकडं वळलो. ऊन डोळ्यांत येत होतं तरी मान वळवली नाही.

शेंडा खाली गेला. रीळ किंचाळायलाच लागलं.

"ओढू नुको! धाव दी तेका!"

नदीतला रोहू जड ओढतो. हा पळतो. नाव फिरवून नेली त्यानं. दंड भरून आले, दोन्ही पाय नावेत रोवून बसले. थकला की रीळ फिरवायचं, पळाला की सोडायचं, असं करत करत पाण्यात निळी पाठ दिसली. दाजींनी जाळीनं वर घेतला. दोन-अडीच किलोचा असेल. नावेत पडल्यावर त्याची शेपटी इतकी भरभर वाजत होती की माझ्या पायांना ते जाणवत होतं. मग थांबली.

"झाला तुमचा?" दाजींनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले. दाजींनी नाव किनाऱ्याकडं वळवली.

दुपारी खानावळीत त्याचं तिरफळ घातलेलं कालवण केलं. मांस लाल, मटणासारखं. खरं सांगायचं तर नदीच्या माशाला सरावलेल्या माझ्या जिभेला ते बेताचंच आवडलं. पण दोनदा वाढून घेतलं.

परत आल्यावर रफिकभाईंना बोलावलं. त्यांनी काठी दोन्ही हातांत घेतली, शेंड्यावरून बोट फिरवलं.

"भाभी, घुंगरू किधर गया?"

"ते माझ्याकडं राहणार."

"फिर मालूम कैसा पडेंगा?"

"बघत बसायचं, रफिकभाई," मी म्हणाले. "झोपायचं नाही."

ते काठी घेऊन जिना उतरले. मी चहाचे कप विसळले आणि मालवणला नेऊन तसंच परत आणलेलं पुस्तक उघडलं. घुंगरू अजून कमीजच्या खिशातच होतं. पान उलटताना जरासं वाजलं. मी मान वर केली नाही, वाचत राहिले.