होळीच्या दिवशीची डोकेदुखी

नाव: अशोक संताजी वाबळे. वय: एकाहत्तर. मुक्काम: इंदूर, राजवाड्यापासून पायी दहा मिनिटं. व्यवसाय: निवृत्त मुख्य लिपिक. पूर्वज होळकरांच्या फौजेत. त्यांचा हुद्दा पिढीगणिक वाढत गेला, सध्या ते सरदार होते असं धरून चालावं. विशेष जबाबदारी: नात ऋजुता, वय नऊ, हिच्यावर एक दिवस देखरेख.

देखरेखीचं कारण असं की ऋजुताला फेब्रुवारीत रक्ताचा कॅन्सर निघाला. उपचारांतल्या एका इंजेक्शननं रक्तात गुठळी होऊ शकते, कधी मेंदूच्या शिरेतही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सून मधुरिमानं ते मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलं: डोकं दुखलं, उलटी झाली, तर लगेच हॉस्पिटल. होळीच्या दिवशी तिची आई देपालपूरला जिन्यावरून पडली, म्हणून तिला जावं लागलं. मुलगा जयेश महूला, ड्यूटीवर.

"बाबा, कागद वाचलात ना?"

"अगं, एकतीस वर्षं कागदच वाचले."

दुपारी दोन वाजता ऋजुता म्हणाली, "आजोबा, सिर खूप दुखतंय."

आता वाबळ्यांचा एक रिवाज आहे. राजवाड्यासमोर होळी पेटते तेव्हा घरातला एक जण पागोटं बांधून पुढच्या ओळीत उभा राहतो. ओळ कुणी आखलेली नाही, बोलावणंही येत नाही; पण सात पिढ्यांत ती जागा रिकामी राहिलेली नाही. हॉस्पिटलला गेलं की संध्याकाळ गेली. तेव्हा अशोकरावांनी निदान केलं: ऊन. नींबू-पानी दिलं. तीन वाजता उलटी झाली. निदान बदललं: नींबू-पानी. फरशी स्वतः पुसली. फोन कुणालाच केला नाही.

साडेपाचला शेजारच्या सरलाजींना बोलावून ते पागोटं बांधायला आरशासमोर उभे राहिले.

"भाईसाब, पोरगी सुस्त दिसते. जाणं जरूरी आहे का?"

"बस, यूं गया, यूं आया."

होळी नुकती पेटली होती तेव्हा सरलाजींचा फोन आला. ऋजुताला झटका आला होता, त्या तिला रिक्षात घालून निघाल्या होत्या. अशोकराव पोचले ते पागोट्यासकट. वॉर्डातले लोक बाजूला सरकले. असा मान त्यांना राजवाड्यासमोर कधी मिळाला नव्हता.

"सिरदर्द कब से था, अंकल?" डॉक्टर शिखांनी विचारलं.

"अभी... मतलब, छह बजे से."

त्यांनी लिहून घेतलं. तपासणीत मेंदूच्या शिरेत गुठळी दिसली. रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं. मधुरिमा पोचली तोवर ऋजुता शुद्धीवर होती. उजवा हात मात्र चादरीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडला होता.

"बाबा, सहाच्या आधी काहीच बोलली नाही ही?"

अशोकराव पागोटं सोडवू लागले. ते लांब होतं.

ऋजुताच बोलली, आजोबांची बाजू घेऊन, जरा अडखळत. "मम्मी, त्यांना डांटू नको. दुपारी दुखलं तर लगेच नींबू-पानी दिलं त्यांनी. उलटी पण साफ केली. मला तर बिलकूल रागावले नाहीत."

मधुरिमानं सासऱ्यांकडे पाहिलं नाही. मुलीचा तो हात उचलून तिनं आपल्या मांडीवर ठेवला.

सोडवलेलं पागोटं काखेत धरून अशोकराव डॉक्टरांच्या टेबलाशी गेले.

"मॅडम, वेळ गलत लिखवाई मैंने. दोन वाजल्यापासून दुखत होतं."

"आप घर पे थे?"

"घर पे ही था." ते थांबले. "उल्टी भी हुई थी. तीन बजे."

डॉक्टर शिखांनी सहाचा आकडा खोडला. गुठळी विरघळेल, हात बहुतेक परत चालेल, म्हणाल्या. मधल्या पाच तासांनी किती नुकसान केलं, ते मात्र आता कुणालाच सांगता येणार नाही. अशोकरावांनी मान हलवली आणि कागदावर दाखवलेल्या जागी सही केली.

कागदावर असं आहे: डोकेदुखी सुरू, दुपारी दोन. दाखल, संध्याकाळी सात वीस. आणणारी व्यक्ती, शेजारीण. घरापासून अंतर, रिक्षानं नऊ मिनिटं.